नुकसान कोणत्या पट्टीने मोजले?

प्रश्न असा आहे : कॅटरिना, मारिया, हार्वे यांसारख्या मोठ्या चक्रीवादळांनंतर अमेरिकेतील अनेक वस्त्यांनी ‘न्याय्य पुनर्उभारणी’ची मागणी केली, असे वाचनात येते. वादळ तर सगळ्यांवरच येते आणि सरकारी मदतीचे नियमही सगळ्यांना सारखेच असतात. मग अन्याय नेमका कुठे होतो आणि हे लोक नेमके काय मागत होते?

मी ह्यूस्टनमध्ये राहतो. २००८ च्या आइक वादळापासून वादळग्रस्तांचे मदतीचे अर्ज भरून देणे, नामंजूर झालेल्या अर्जांवर अपिले लिहिणे आणि घरदुरुस्तीची अंदाजपत्रके तयार करून देणे हे काम मी करीत आलो आहे. शिक्षणाने मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझे मूळ घर श्रीवर्धनचे आहे, त्यामुळे २०२० चे निसर्ग वादळही मला परके नाही.

प्रश्नात म्हटल्याप्रमाणे नियम सगळ्यांना सारखे असतात, हे खरे आहे. मी ज्या योजनांचे अर्ज भरले, त्यांपैकी एकाही योजनेच्या कागदावर ‘अमुक लोकांना कमी द्यावे’ असे वाक्य नव्हते. अन्याय घडतो तो नुकसान मोजण्याच्या पट्टीत. पट्टी घराच्या बाजारभावाची आहे की दुरुस्तीच्या खर्चाची, मालकी कोणत्या कागदाने सिद्ध करायची, लाभार्थ्यांची संख्या कशाने भागायची, हे जो ठरवतो तोच पुढचे बहुतेक सगळे ठरवून टाकतो, आणि तेही वादळग्रस्त माणूस अजून चिखल उपसत असताना. माझ्या पाहण्यातील प्रत्येक चांगली चालवलेली मागणी ‘आम्हाला जास्त द्या’ अशी नव्हती. ती ‘ही पट्टी बदला, आणि त्याआधी ती आम्हाला दाखवा’ अशी होती.

पैसा कसा येतो हे आधी थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. पहिली मदत फेमा म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडून येते. ती तातडीची आणि तुटपुंजी असते. हार्वेच्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, एका कुटुंबाला मिळू शकणारी कमाल रक्कम ३३,३०० डॉलर होती आणि तेवढी मिळालेली कुटुंबे थोडी होती. दुसरी वाट लघुउद्योग प्रशासनाच्या कर्जाची. नाव लघुउद्योगाचे असले तरी वादळानंतर घरमालकांनाही कर्ज तिथूनच मिळते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आणि ज्याची परतफेडीची ऐपत दिसत नाही त्याला ते मिळत नाही. तिसरा आणि खरा मोठा निधी गृहनिर्माण व नागरी विकास खात्याचा, ज्याला इकडे सगळे ‘हड’ म्हणतात. हा निधी कायमस्वरूपी कायद्याने ठरलेला नाही. मोठी आपत्ती आली की अमेरिकी काँग्रेस त्यासाठी स्वतंत्र तरतूद करते, पैसा राज्याकडे जातो आणि तो कसा वाटायचा याचा आराखडा राज्य तयार करते. त्या आराखड्यावर हरकती घ्यायला लोकांना मिळणारी मुदत अनेकदा दोन-चार आठवड्यांचीच असते. पट्टी ठरते ती तिथे.

आता कॅटरिना. २९ ऑगस्ट २००५ रोजी हे वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आले आणि न्यू ऑर्लिन्सचे पूरसंरक्षक बांध व कालव्यांच्या भिंती फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. घरमालकांना परत उभे करण्यासाठी राज्याने २००६ मध्ये ‘रोड होम’ नावाची योजना आणली. सुमारे १ लाख ३० हजार घरमालकांना मिळून जवळजवळ ९ अब्ज डॉलर तिच्यातून देण्यात आले, म्हणजे योजना लहान नव्हती आणि कंजूषही नव्हती. एका घराला कमाल दीड लाख डॉलर मिळू शकत होते. मात्र अनुदानाचे सूत्र असे होते : वादळापूर्वीची घराची बाजारभावाने किंमत आणि प्रत्यक्ष नुकसानीचा खर्च, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती धरायची आणि तीतून विमा व इतर मदत वजा करायची.

वरवर पाहता हे सूत्र शहाणपणाचे वाटते. सत्तर हजारांच्या घरावर सरकारने दीड लाख का खर्च करावेत, असे कोणीही हिशेबी माणूस विचारील, आणि मी स्वतः पहिल्यांदा हे सूत्र वाचले तेव्हा मलाही त्यात काही खटकले नव्हते. एक उदाहरण घेऊन पाहू. दोन घरे एकाच मापाची आहेत, दोन्हीत तीन खोल्या आहेत, दोन्हीत पाणी छपरापर्यंत चढले आहे आणि दोन्हींचा दुरुस्तीचा खर्च १ लाख ४० हजार डॉलर आहे. एक घर गोऱ्यांच्या वस्तीत आहे आणि त्याची वादळापूर्वीची किंमत २ लाख आहे. दुसरे काळ्यांच्या वस्तीत आहे आणि त्याची किंमत ७० हजार आहे. पहिल्या घरमालकाला विमा नसेल तर १ लाख ४० हजार मिळतात, दुसऱ्याला ७० हजार. लाकूड, खिळे, पत्रे आणि सुताराची मजुरी मात्र दोघांना एकाच भावाने घ्यावी लागते. दुसऱ्या घराची किंमत कमी का, याचे उत्तर त्या घराच्या भिंतींत नाही. ज्या वस्त्यांना बँकांनी पिढ्यानपिढ्या कर्जे नाकारली आणि जिथे गोरे ग्राहक घर घ्यायला फिरकत नव्हते, तिथले भाव दबलेलेच राहिले. म्हणजे जुना भेदभाव बाजारभावात मुरलेला होता, आणि नव्या योजनेने वंशाचा उल्लेखही न करता तो जसाच्या तसा उचलला.

नोव्हेंबर २००८ मध्ये न्यू ऑर्लिन्समधील न्याय्य गृहनिर्माण केंद्र, त्याच क्षेत्रातील राष्ट्रीय संघटना आणि पाच आफ्रिकन-अमेरिकन घरमालक यांनी हड व राज्याची पुनर्उभारणी संस्था यांच्यावर खटला भरला. त्यांची मागणी एका वाक्याची होती : अनुदान बाजारभावावर न ठरवता दुरुस्तीच्या खर्चावर ठरवा. खटला चालू असतानाच अल्प उत्पन्न गटासाठी असलेल्या पूरक अनुदानावरील ५० हजार डॉलरची मर्यादा उठवली गेली, हे त्या लढ्याचे पहिले फळ. पुढे २०११ मध्ये तडजोड झाली आणि तेराशेच्या आसपास घरमालकांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर देण्याचे ठरले. एकूण ९ अब्जांपुढे हा आकडा किती लहान आहे ते वाचकाने पाहावे. वादळानंतर सहा वर्षांनी आलेल्या पैशाने ज्यांचे घर वाचले ती कुटुंबे मोजकी होती. बाकीची ह्यूस्टन, अटलांटा अशा शहरांत केव्हाच स्थिरावली होती. माझ्या पहिल्या वर्षीच्या आइकच्या अर्जदारांत तीन कुटुंबे कॅटरिनातून निघून ह्यूस्टनला आलेली होती, म्हणजे तीन वर्षांत त्यांनी दुसऱ्यांदा तेच अर्ज भरले.

या योजनेची एक शेपटी पुढे बरीच वर्षे वळवळत राहिली. घर उंच उचलून बांधण्यासाठी ३० हजार डॉलरचे वेगळे अनुदान होते. मूळ अनुदान अपुरे पडल्यामुळे अनेकांनी हे पैसे अर्धवट घर पुरे करण्यात घातले. योजनेच्या प्रतिनिधींनीच तसे चालेल असे सांगितले, असे त्यांतील काहींचे म्हणणे होते. नंतर हिशेब तपासताना राज्याने हजारो घरमालकांवर वसुलीचे दावे लावले. ते दावे सोडून देण्याचा निर्णय झाला २०२३ मध्ये, म्हणजे वादळानंतर साडेसतरा वर्षांनी.

घरमालकांचे हे असे झाले. भाडेकरूंचे तर त्याहून वाईट. कॅटरिनापूर्वी न्यू ऑर्लिन्समधील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहणारी होती, आणि पैशाचा मोठा ओघ मात्र मालकांकडे गेला. लहान भाडेघरांच्या मालकांसाठी एक योजना होती खरी, पण आधी स्वतःच्या खिशातून घर दुरुस्त करा आणि मग पैसे घ्या, अशी तिची सुरुवातीची रचना असल्याने ज्यांच्या खिशात काही नव्हते ते बाहेरच राहिले. शहरातील चार मोठ्या सार्वजनिक गृहवसाहतींत सुमारे ४,५०० घरे होती. त्या पाडण्यास शहर परिषदेने डिसेंबर २००७ मध्ये एकमताने संमती दिली आणि त्या दिवशी सभागृहाबाहेर आंदोलकांवर मिरपुडीचा फवारा मारला गेला. शेजारच्या सेंट बर्नार्ड पॅरिशने (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) २००६ मध्ये असा नियम केला होता की घर भाड्याने द्यायचे तर परवानगीवाचून ते रक्ताच्या नातेवाइकालाच देता येईल. तिथले बहुतेक घरमालक गोरे होते, त्यामुळे या नियमाचा अर्थ सांगायला वकील लागत नव्हता. न्याय्य गृहनिर्माण केंद्र न्यायालयात गेले आणि पॅरिशला तो नियम मागे घ्यावा लागला.

‘परतण्याचा हक्क’ हा शब्दप्रयोग याच काळात न्यू ऑर्लिन्समध्ये रूढ झाला. त्यामागे एक नकाशा आहे. जानेवारी २००६ मध्ये महापौरांनी नेमलेल्या आयोगाचा आराखडा स्थानिक दैनिकात छापून आला आणि त्यात काही वस्त्यांवर मोठे हिरवे ठिपके होते. त्या जागा पुढे उद्याने किंवा मोकळी हिरवी जमीन करण्यासाठी विचारात घ्याव्यात, असा त्या ठिपक्यांचा अर्थ होता. गावोगावी विखुरलेल्या लोकांना आपले घर नकाशात ठिपक्याखाली गेले आहे हे वर्तमानपत्रातून कळले. नगररचनेच्या दृष्टीने त्या प्रस्तावात तथ्य अजिबात नव्हते असे मी म्हणणार नाही. सखल भागात पुन्हा तशीच घरे बांधणे धोक्याचे आहे, हे अभियंता म्हणून मला मान्य करावे लागते. पण ज्याला उठवायचे त्याला पर्यायी जागा, पूर्ण मोबदला आणि चर्चेत स्थान यांपैकी काहीच न देता ठिपका काढला की तथ्यही मरते. ब्रॉडमूर या ठिपक्याखालच्या वस्तीने निषेधावर न थांबता घरोघरची नोंद केली, कोण परतले, कोण परतणार आहे, कोणाचे काम कुठे अडले आहे याची यादी बांधली आणि स्वतःचा आराखडा तयार केला. ती वस्ती आज उभी आहे. लोअर नाइन्थ वॉर्ड या शहरातल्याच दुसऱ्या वस्तीत मात्र आजही मोकळे भूखंड, गवतात हरवलेल्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांपुढे काहीच नाही, असे दृश्य दिसते.

यानंतर येतो कागदांचा प्रश्न, आणि माझ्या कामाचा निम्मा वेळ यातच गेला आहे. २०१७ च्या हिवाळ्यात ईशान्य ह्यूस्टनमधील एका सामाजिक केंद्रात आम्ही अर्जांची मेजे लावली होती. सत्तरीच्या एक बाई बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात विजेची बिले होती, मालमत्ता कराच्या तीस वर्षांच्या पावत्या होत्या, आणि घराचे मूळ खरेदीखत होते, पण ते त्यांच्या आजीच्या नावावर. आजी मृत्युपत्र न करता गेली, आईही तशीच गेली, आणि वारस म्हणून कोणाचेच नाव कधी लागले नव्हते. हाती असलेल्या पत्रात लिहिले होते की मालकी सिद्ध होत नसल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. मी त्यांना म्हणालो, आजीची मुले किती आणि कोणती, याचा काही लेखी पुरावा आहे का? त्यांनी डब्याच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढला. आजीच्या अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये वाटलेली ती पत्रिका होती, आणि तिच्यात सगळ्या मुलांची, सुनांची, नातवंडांची नावे क्रमाने छापलेली होती. इकडच्या काळ्या कुटुंबांत अशा पत्रिका जपून ठेवतात. तिच्या आधारे आम्ही वंशावळ मांडली, दोन शेजाऱ्यांची शपथपत्रे जोडली आणि अपील केले. ते सात महिन्यांनी मंजूर झाले. तोवर त्यांच्या घराच्या भिंती चार फुटांपर्यंत कापलेल्या, आतले लाकडी खांब उघडे, अशा अवस्थेत त्या आतल्या एका खोलीत राहत होत्या.

सामाईक सातबारा ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे सांगायला नको. पणजोबांच्या नावापुढे अकरा नावे, त्यांतील चार मुंबईला, दोन हयात नाहीत आणि वारस नोंद ‘पुढच्या गणपतीत करू’ म्हणून राहिलेली, ही परिस्थिती कोकणात घरोघर आहे. अमेरिकेत दक्षिणेकडील काळ्या कुटुंबांची, टेक्सासच्या सीमेवरील मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांची आणि अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्तो रिको बेटावरच्या डोंगराळ गावांची गोष्ट याहून वेगळी नाही.

पोर्तो रिकोत २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया आले. बेटावरील सगळ्या भागांत वीज परत यायला सुमारे अकरा महिने लागले. मृतांचा सरकारी आकडा बराच काळ ६४ होता. एका विद्यापीठाच्या अभ्यासानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये तो २,९७५ करण्यात आला. बेटावर कित्येक घरे आजोबांच्या जमिनीवर, नोंदणीवाचून, पोटाला चिमटा घेऊन हळूहळू बांधलेली होती, आणि तिथल्या कायद्याने त्यात बेकायदा असे फारसे काही नव्हते; नोंदणी ही सक्तीची बाब नव्हती. फेमाने मात्र मुख्य भूमीवरील सवयीप्रमाणे मालकीचा कागद मागितला आणि हजारो अर्ज तेवढ्याच कारणाने फेटाळले. बेटावरील विनामूल्य कायदा सल्ला देणाऱ्या वकिलांनी स्थानिक कायदा उलगडून दाखवला, मालकाने स्वतः शपथेवर सही करायचा एक पानी नमुना तयार केला आणि २०१८ मध्ये फेमाकडून तो मान्य करून घेतला. मान्य झाला तरी तो आधी नामंजूर झालेल्या लोकांपर्यंत पोचवण्याची खटपट फेमाने फारशी केली नाही, त्यामुळे ते कामही वकील आणि कार्यकर्त्यांनाच गावोगाव हिंडून करावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये फेमाने देशभरासाठी नियम बदलला : मालकीच्या पुराव्यासाठी अधिक प्रकारचे कागद चालतील, आणि वारसाहक्काच्या घरांबाबत अखेरचा पर्याय म्हणून स्वतःचे घोषणापत्रही चालेल. पुढच्या वादळांत माझे कितीतरी अर्ज या एका बदलाने सोपे झाले. डबे घेऊन येणाऱ्या माणसांच्या मागण्यांतून झालेला हा सर्वांत उपयोगी बदल आहे, असे माझे मत आहे.

पट्टी दाखवत नाहीत, ही तक्रार २००८ च्या डॉली वादळात फार ठळकपणे पुढे आली. टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यात ‘कोलोनिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गरीब वस्त्या आहेत. तिथल्या पुष्कळ अर्जांवर शेरा पडला की घराचे नुकसान वादळाने झालेले नसून देखभालीच्या अभावाने झालेले आहे. गरीब माणसाच्या छपराला वादळापूर्वी गळती असू शकते, यात नवल नाही. पण गळणारे छप्पर आणि उडून गेलेले छप्पर यांतला फरक पाहणीदार कशाने ठरवतो, हे कुठेही छापलेले नव्हते. ला उनिओन देल पुएब्लो एन्तेरो या तिथल्या संघटनेने आणि रहिवाशांनी फेमावर खटला भरून तो निकष उघड करण्याची मागणी केली आणि ते प्रकरण अनेक वर्षे चालले. मी स्वतः अशा पाहण्यांच्या वेळी हजर राहिलो आहे. पाहणीदार वाईट माणूस नसतो. त्याला त्या दिवशी आणखी सात-आठ घरे करायची असतात, हातातल्या यंत्रावर ठरावीक चौकोन असतात, आणि छपराच्या खालच्या फळ्या कुजल्या आहेत की भिजल्या आहेत हे पाहायला वर चढायला त्याला वेळ नसतो. म्हणून मी घरमालकांना नेहमी सांगत आलो की वादळाच्या हंगामापूर्वी, जूनच्या आधी, घराच्या चारही बाजूंचे आणि छपराचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत.

हार्वेचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे, कारण तिथे पट्टी माणसांना लावलेली नव्हती. ती गावांना आणि शहरांना लावली होती. हार्वे २५ ऑगस्ट २०१७ रोजी किनाऱ्यावर आले आणि नंतर ह्यूस्टनच्या परिसरावर दिवसेंदिवस रेंगाळले. टेक्सासमधील नेदरलँड या गावाजवळ ६०.५८ इंच पावसाची नोंद झाली, म्हणजे दीड मीटरहून अधिक. पुढील पुरांपासून बचाव करणाऱ्या कामांसाठी हडने टेक्सासला ४ अब्ज डॉलरहून अधिक निधी दिला आणि तो वाटण्याचे काम राज्याच्या जनरल लँड ऑफिसकडे आले. या कार्यालयाने प्रकल्पांची स्पर्धा घेतली. मे २०२१ मध्ये सुमारे १ अब्ज डॉलरचा पहिला निकाल लागला तेव्हा ह्यूस्टन शहराला आणि ते ज्या हॅरिस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे तिलाही एक डॉलरसुद्धा मिळाला नव्हता. आमच्या केंद्रात त्या दिवशी कोणाचा विश्वास बसेना; यादी छापताना चूक झाली असेल, असेच सगळे म्हणत होते.

चूक झालेली नव्हती. गुण देण्याच्या कसोट्यांत एक अशी होती की प्रकल्पाचा लाभ होणाऱ्या लोकांची संख्या त्या गावाच्या किंवा शहराच्या एकूण लोकसंख्येने भागायची. पाच हजारांच्या गावात चार हजार लोकांना लाभ होत असेल तर प्रमाण ८० टक्के. ह्यूस्टनची लोकसंख्या २३ लाखांच्या घरात आहे. तिथे वीस हजार लोकांच्या वस्तीची गटारे आणि नाले सुधारले तर प्रमाण एक टक्काही भरत नाही. लाभ पाचपट लोकांना, गुण मात्र जवळजवळ शून्य. आमच्या ईशान्य भागात आजही रस्त्याकडेला उघडे चर हीच पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था आहे. टेक्सास हाउजर्स आणि नॉर्थईस्ट अ‍ॅक्शन कलेक्टिव्ह या दोन संस्थांनी हडकडे तक्रार केली, आणि मार्च २०२२ मध्ये हडने असा निष्कर्ष दिला की या स्पर्धेची रचना वंश आणि राष्ट्रीय मूळ यांच्या आधारे भेदभाव करणारी ठरली. राज्याच्या कार्यालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. पहिल्या निकालावर ओरड झाल्यानंतर हॅरिस काउंटीसाठी ७५ कोटी डॉलर देण्याचे राज्याने सुचवले होते, म्हणजे मागणीचा परिणाम झाला. परंतु चरांच्या कडेला राहणाऱ्या लोकांना तो दिसायला जो वेळ लागतो तो कोणत्याही सूत्रात मोजला जात नाही. या कामात मला सर्वांत जास्त चीड येते ती याचीच.

भाषेबद्दल एकच उदाहरण देतो. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सी राज्याच्या मदत योजनेच्या स्पॅनिश माहितीत अर्जाच्या मुदतीची तारीख इंग्रजीपेक्षा वेगळी आणि चुकीची होती. लॅटिनो आणि काळ्या नागरिकांच्या संघटनांनी तक्रार केली आणि २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीत निधीचा बराच मोठा भाग अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांकडे वळवावा लागला. आमच्याकडे व्हिएतनामी अर्जदार बरेच असतात, आणि भाषांतरित पत्रक हाती आल्यावर आधी त्यातील तारखा आणि फोन क्रमांक मूळ पत्रकाशी ताडून पाहायचे, ही सवय मला तेव्हापासून लागली.

तेव्हा ‘नेमके काय मागत होते’ याचे उत्तर असे देता येईल : दुरुस्तीचा खर्च धरा, बाजारभाव धरू नका, भाडेकरूलाही वादळग्रस्त माना, जो कागद त्या समाजात असतो तो स्वीकारा, नामंजुरीचे कारण कळेल अशा भाषेत लिहा, कोणत्या वस्तीला किती मिळाले याची आकडेवारी उघड करा, आणि सूत्र ठरण्यापूर्वी आम्हाला बोलवा. यांतील शेवटची मागणी मान्य झाली तर आधीच्या पाचांसाठी भांडावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे. आइक आणि डॉलीच्या निधीबाबत टेक्सासमध्ये २०१० साली संस्थांनी तक्रार करून राज्याशी जो समझोता घडवून आणला, तो परिणामकारक ठरला तो एवढ्यासाठीच की बहुतेक पैसा वाटला जाण्यापूर्वी तो झाला.

प्रश्नकर्त्याने विचारलेले नाही, तरी निसर्ग वादळाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे हाच वाद एका हिशेबात पाहायला मिळतो. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात वाड्या आडव्या झाल्या. फळबागांसाठी मदत हेक्टरी होती. १८ हजारांवरून राज्य सरकारने ती ५० हजारांपर्यंत वाढवली. ऐकायला रक्कम भरघोस वाटते. पण आमच्याकडे हेक्टर कोणाकडे आहे? वाडी दहा गुंठ्यांची, फार तर वीस. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये, दहा गुंठ्यांचे पाच हजार. आडवा पडलेला नारळ तोडून वाडीबाहेर काढायच्या मजुरीतच ते संपतात. शिवाय दहा गुंठ्यांत खाली सुपारी, वर नारळ, मध्ये केळ, मिरीचा वेल आणि जायफळ अशी तीन मजली लागवड असते, आणि हेक्टरची पट्टी जमीन मोजते, झाडे मोजत नाही. बागायतदारांनी मागितले की झाडामागे मदत द्या. पुढे नारळाच्या झाडाला २५० आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये असा निर्णय झाला. नव्याने लावलेली सुपारी फळ धरायला सहा-सात वर्षे घेते, त्यापुढे ५० रुपये किती, हा प्रश्न राहतोच. पण निदान मोजायची वस्तू तरी बरोबर धरली गेली. दीडशे सुपाऱ्या आणि वीस नारळ असलेल्या दहा गुंठ्यांच्या वाडीला यामुळे पाच हजारांऐवजी साडेबारा हजार मिळू शकत होते.

माझ्या धाकट्या भावाची वाडी अशीच आहे. झाडामागे मदत जाहीर झाली तोवर त्याने पडलेली बहुतेक झाडे तोडून, ओढून, काही जाळून वाट मोकळी केली होती, कारण पावसाळा तोंडावर होता आणि घराकडे यायलाही जागा नव्हती. पुन्हा पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारले, झाडे कुठे आहेत? भावाकडे मोबाइलवर चार तारखेच्या सकाळी काढलेले फोटो होते, पण त्यांत एकावर एक पडलेली खोडे होती आणि ती मोजता येत नव्हती. मग दोघांनी मिळून, एकाने मातीत रोवलेल्या काठीने चाचपत आणि दुसऱ्याने वहीत रेघा ओढत, जमिनीत राहिलेली बुंध्यांची भोके मोजली. ती एकशे बारा भरली.